मेगिल्लाच्या मधल्या कोऱ्या जागेत चित्र काढलं तर चालेल का?

लालबागचा_ब्रश
मंडळी, मी साइनबोर्ड रंगवणारा माणूस. फ्लेक्सनं धंदा खाल्ल्यापासून मानपत्रं, लग्नपत्रिका, जे येईल ते करतो. भायखळ्याला माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, काका. त्यांनी नातीसाठी इस्राएलहून मेगिल्ला मागवली. पुरिम या ज्यू सणाला वाचतात ती एस्तेर राणीच्या गोष्टीची गुंडाळी. चामड्यावर, सगळी हातानं लिहिलेली. अक्षर असं की मी तासभर नुसता बघत बसलो. वर-खाली चार चार बोटं समास कोरा आहे. काका म्हणाले, "यात तू नक्षी काढ."

त्यांची फर्माईश पहिल्या रकान्यावर नवगावचा किनारा (त्यांचे पूर्वज हिंदुस्थानात तिथेच उतरले असं मानतात) आणि माड. का, तर गोष्टीच्या सुरुवातीलाच राजाचं राज्य होदूपासून कूशपर्यंत, १२७ प्रांत, असं येतं. होदू म्हणजे हिंदुस्थान. "म्हणजे आपलं नाव आलंच की रे!" हे सांगताना काकांचा चेहरा बघायला हवा होता.

आता अडचण. शेवटाकडे एका रकान्यात अक्षरं एकदम मोठी होतात. उजव्या कडेला एक उभी रांग, डाव्या कडेला दुसरी, मध्ये ही एवढी जागा. ज्यूंच्या जिवावर उठलेला गोष्टीतला दुष्ट प्रधान हामान, त्याच्या फाशी गेलेल्या दहा मुलांची नावं आहेत म्हणे. मला त्या जागेत फाशीचा उंच खांब काढायचाय, वरपासून खालपर्यंत. अख्खं चित्र डोळ्यासमोर उभं आहे. काढू का? काका म्हणतात छान दिसेल, पण काकांना माझं सगळंच छान दिसतं.

दुसरं म्हणजे, सोबत कोऱ्या चामड्याचा एक तुकडा आला होता. त्यावर पोस्टर कलरचा हात मारून बघितला. पाच मिनिटांत पापडासारखा वळला.

ठाण्याची_मावशी
दादा, आधी ब्रश खाली ठेवा!

ती जागा रिकामी नाही, लिखाणाचाच भाग आहे. नीट बघा, ११ ओळी आहेत. उजवीकडे पहिल्या ओळीत 'ईश' हा शब्द आणि मग एकेक नाव, डावीकडे दर ओळीला तोच शब्द, 'वेएत'. फक्त शेवटच्या ओळीत तो बदलतो. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, समुद्र पार केल्यावरचं गाणं आहे; ते लिहिताना लिखाणाखाली कोरी जागा आणि कोऱ्या जागेखाली लिखाण येतं, भिंतीत विटांचे सांधे चुकवतात तसं. इथे मात्र लिखाणाखाली लिखाण, कोऱ्याखाली कोरं. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या ग्रंथात, याचं कारण दिलंय: हे पडले ते परत उठू नयेत. माझे वडील काड्यापेट्यांची चळत रचून, टिचकी मारून दाखवायचे. तुमचा खांब तिथे आला की सगळा अर्थच गेला.

शिवाय प्रत्येक अक्षराच्या चारी बाजूंना कोरं चामडं राहावं लागतं. रंग एका अक्षराला जरी टेकला तरी पंचाईत. आणि हो, शेवटचं नाव 'वायझाता'. त्यात वाव हे अक्षर लांब ओढलेलं आणि झायिन हे अक्षर बारीक दिसेल. ती चूक नाही, तसंच लिहायचं असतं. हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, ही दहाही नावं एका दमात म्हणतो. आम्ही पोरं पण श्वास धरून बसायचो, आणि कोणीतरी हमखास फिस्स करून हसायचं.

समासात मात्र खुशाल काढा. तोराच्या गुंडाळीत चित्र चालत नाही, पण एस्तेरच्या गोष्टीत देवाचं नाव एकदाही येत नाही, म्हणून इथे हात सैल सोडतात असं मानतात. फाशीचा खांबही जुन्या गुंडाळ्यांत असतो. सहा-सात वर्षांच्या मुलीला तो हवाय का, ते तुम्ही बघा. आमची आजी पुरिमला 'होळीचा सण' म्हणायची आणि पुरणपोळ्या करायची. मला विचाराल तर पुरणपोळी काढा!

पोथीदुरुस्ती
चामडं पाणी प्यायलं की वळणारच. रंग दाट ठेवा, ब्रश जवळजवळ कोरडा, थर पातळ. जाड थर गुंडाळताना तडकून सुटतो. जंगाल वापरू नका. तांब्याचा हिरवा आहे तो, जुन्या हस्तलिखितांत पानं खाऊन भोकं पाडलेली मी बघितली आहेत. माडांना दुसरा हिरवा शोधा.

शाई बहुतेक मायफळ, हिराकस आणि डिंकाची असेल. ओला हात लांब ठेवा. झाकायला चिकटपट्टी तर अजिबात नको, काढताना अक्षरं घेऊन येईल. नुसता जाड कागद वर ठेवा. आणि जे काय करायचं ते पावसाळ्याआधी उरका.

खरं तर नक्षी आधी आणि लिखाण मागून, हे सोयीचं. ॲमस्टरडॅममध्ये १६४०च्या दशकात शालोम इतालिया तांब्याच्या पत्र्यावर कमानी कोरून त्यांची चौकट छापायचा, मजकूर नंतर कमानींच्या आत हातानं लिहिला जायचा. तुमचं काम उलटं, म्हणून जोखीम तुमची.

लालबागचा_ब्रश
खांब रद्द. मावशी, पुरणपोळीचं काकांना सांगितलं, ते इतके हसले की खोकला लागला. शेवटच्या रकान्याखाली ताट येतंय, वर तुपाची धार.

पण एक कबुली. तो बारीक झायिन मला लिहिणाऱ्याची चूक वाटला होता. काकांना दाखवायला म्हणून मी पेन्सिलीनं खूण करून ठेवलीय. आता ती कशी घालवू?

पोथीदुरुस्ती
कुठे केलीय? समासात असेल तर मऊ खोडरबर, अलगद, एकाच दिशेनं. अक्षराच्या जवळ असेल तर हातच लावू नका, सोफरला, म्हणजे अशा गुंडाळ्या लिहिणाऱ्याला, दाखवा.

लालबागचा_ब्रश
समासात. वाचलो.