उरुळीकांचनला आरामासाठी आलेय, पण मनात सारखे मरणाचेच विचार

सायली_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी बाबा गेले. किडनी फेल, शेवटी आयसीयू, नाकातोंडात नळ्या, आणि मी ऑफिस-हॉस्पिटल पळत होते त्यात नीट रडायलाही झालं नाही. आता ताईने जबरदस्तीने इथे निसर्गोपचार आश्रमात पाठवलंय. जागा फार छान, झाडी, शांतता, सकाळी मसाज, मग बाष्पस्नान, जेवायला उकडलेल्या भाज्या, ताक, अंग खरंच हलकं झालंय. पण पोटावर आणि डोळ्यांवर मातीपट्टी ठेवून पडवतात ना, तेव्हा काही दिसत नाही, हलायचं नाही, ती गार ओली माती श्वासाबरोबर वरखाली होतेय एवढंच कळतं आणि एकदम मनात येतं की हा श्वास कधीतरी थांबणार, माझा, आईचा, सगळ्यांचाच. काल पट्टीखाली डोळे वाहायला लागले, तिथल्या मावशींनी काही न विचारता हात धरला. आई ७४ ची आहे, पुढच्या वेळी तिला आणायचं होतं, आता भीती वाटते. कोणाला असा अनुभव आहे का?

सासवडकर_काका
अगं पोरी, वर्षभर धावत होतीस म्हणून दुःख मागे राहिलं, आता थांबलीस तर त्याने गाठलं. येऊ दे रडू. फक्त तिथल्या डॉक्टरांच्या कानावर घाल, रसाहारावर असशील तर मन जास्तच हळवं होतं, डोळ्यांवरची पट्टी नको वाटली तर तसं स्पष्ट सांग. आणि ज्या जागी आहेस ती जागाच आजारपणाशी झगडलेल्या माणसांनी उभी केलीये. १९४६ साली गांधीजींनी आश्रम सुरू केला, विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा भावे स्वतः क्षयाच्या दुखण्यातून उठलेले, त्यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. मणिभाई देसाई तरुणपणी गांधीजींबरोबर आले ते १९९३ ला जाईपर्यंत उरुळीचेच होऊन राहिले.

नदीकाठ
उपचार संपले की परत येताना थेऊरला जा, हायवेवरून जवळच आहे. चिंतामणीचं दर्शन सगळेच घेतात पण थोरले माधवराव पेशवे तिथेच गेले, १८ नोव्हेंबर १७७२, वय २७, क्षय. सगळं कळत असताना देवाच्या दारी येऊन राहिले, आणि जायच्या आधी मागचं कर्ज कसं फेडायचं, कोणाचं काय करायचं, हे कलमवार लिहून ठेवलं. रमाबाई सती गेल्या ती जागा नदीकाठी आहे, तिथे मला मात्र फार राग येतो, बाईच्या जिवाचं असं व्हायला नको होतं. माझा भाऊ गेला त्याच्या तेराव्यानंतर मी तिथे दुपारभर बसलो होतो. मन शांत झालं असं नाही म्हणणार, पण २७ व्या वर्षी माणूस एवढी निरवानिरव करू शकतो तर आपण घरात निदान बोलावं तरी, असं वाटलं.

आयसीयू_सिस्टर
नदीकाठदादांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. सायली, तुझी भीती मरणाची कमी आणि त्या नळ्यांची जास्त वाटते मला, रोज बघते म्हणून सांगते. आईशी बोल. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. बरं होण्याची आशाच उरली नाही तर व्हेंटिलेटर हवा की नको, आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यायचा, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. बहुतेक घरांत हे कोणी विचारलेलंच नसतं, मग आयसीयूच्या दाराशी भावंडं भांडतात आणि पेशंटला काय हवं होतं ते कोणालाच माहीत नसतं. आईला अवश्य आण तिथे. म्हाताऱ्या माणसांना या विषयाची आपल्याइतकी भीती नसते गं, आपणच विषय बदलतो.

सायली_कर्वेनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, मला त्या नळ्याच दिसतात. आत्ता आईला फोन केला आणि सगळं सांगितलं, मातीपट्टीचं पण. ती म्हणाली, तुझ्या बाबांना घरी यायचं होतं गं, मला दोनदा म्हणाले होते, तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही माझा. बराच वेळ दोघी रडलो. मग तिनेच विचारलं की तिथे गुडघ्यांसाठी काही करतात का. रविवारी ताई तिला घेऊन येतेय, थेऊरला तिघी जाऊ. सिस्टर, तो मसुदा मराठीत लिहिला तर चालतो का?

आयसीयू_सिस्टर
आईला कळेल त्याच भाषेत लिहा. आणि एक प्रत तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा, कपाटात कुलूप लावून नको.