ओरेस्तेस सुटला, पण न्याय झाला का?

निवडुंग
ग्रीक नाटककार एस्किलसची 'ओरेस्तेइया' ही नाट्यत्रयी (अथेन्स, इ.स.पू. 458) म्हणजे सूडाकडून न्यायालयाकडे झालेला प्रवास, असं शिकवलं जातं. मला ते पटत नाही. ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या ताफ्याला वारा मिळावा म्हणून आर्गोसचा राजा अगामेम्नॉन पोटच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी देतो. दहा वर्षांनी तो परतल्यावर बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याला स्नानाच्या वेळी वस्त्रात अडकवून तीन घाव घालते. पुढे मुलगा ओरेस्तेस तिला मारतो. तिसऱ्या नाटकात त्याच्यावर खटला चालतो आणि तो सुटतो.

पण कशाच्या जोरावर? त्याच्या बाजूने बोलणारा देव अपोलो सांगतो, आई जन्मदात्री नव्हेच. पेरलेलं बीज सांभाळणारी ती दाई, जन्म देतो तो बाप. पुरावा कोण, तर आईवाचून जन्मलेली, हा खटला चालवणारी देवी अथेना. (बीज-क्षेत्राची ही मांडणी आपल्याला मनुस्मृतीतून ओळखीची आहे.) आणि अख्ख्या खटल्यात इफिजेनियाचा उल्लेखसुद्धा नाही. आईला नात्यातूनच वगळून मिळवलेली सुटका ही!

दीपमाळ
अपोलो म्हणतो ते एस्किलसचं मत, असं तुम्ही धरून चालला आहात. न्यायाधीशांची मतं मोजली जातात तेव्हा दोन्ही बाजू समसमान भरतात. त्या बरोबरीत अथेनाचं मत धरलेलं आहे की बरोबरी झाल्यावर तिने कौल दिला, यावर अभ्यासकांचा वाद आहे. धरलेलं असेल, तर माणसांपैकी बहुसंख्यांनी ओरेस्तेसला दोषीच ठरवलं होतं. समान मतांवर आरोपी सुटणं हा अथेन्सच्या न्यायालयांचा खराच नियम होता.

शिवाय क्लायटेम्नेस्ट्रा फक्त मुलीसाठी मारते म्हणावं, तर तिने मारलेल्या कॅसान्ड्राचं काय? ती ट्रॉयहून धरून आणलेली बंदी. तिने कोणाचा बळी दिला होता?

निवडुंग
कॅसान्ड्राबद्दल तुमचं म्हणणं मान्य, त्या खुनाचं समर्थन होऊच शकत नाही. पण प्रेतांशेजारी उभं राहून क्लायटेम्नेस्ट्रा काय म्हणते ते बघा. आर्गोसचे वृद्ध तिला हद्दपारीची धमकी देतात. ती विचारते, त्याने माझी मुलगी मारली तेव्हा त्याला का नाही हद्दपार केलंत? याचं धड उत्तर वृद्धांकडे नाही.

प्रत्यक्ष अथेन्समध्येही खुनाचा खटला सरकार नव्हे, मृताचे नातलग भरत. बाईला स्वतः उभं राहता येत नसे, तिचा पालक पुरुष लागे. आता मुलीचा खुनी तिचा बापच असेल, तर दावा भरणार कोण?

खडीसाखर
दोघांनीही कायद्याचा तपशील थोडा सोडला आहे. खून कबूल, पण तो समर्थनीय, असं म्हणणाऱ्याचा खटला अथेन्समध्ये डेल्फिनियन या न्यायालयात चाले. अरिओपॅगसकडे, म्हणजे त्याच नावाच्या टेकडीवर भरणाऱ्या सभेकडे, जाणूनबुजून केलेल्या खुनाचे. ओरेस्तेसचा बचाव पहिल्या प्रकारचा, तरी एस्किलस त्याला अरिओपॅगसवर नेतो. कारण राजकीय असावं. नाटकाच्या चारच वर्षांपूर्वी एफिआल्टेस या अथेन्सच्या पुढाऱ्याने त्या सभेचे बहुतेक अधिकार काढून घेतले होते. खुनाचे खटले तेवढे उरले. नाटक त्या उरलेल्या अधिकाराची जन्मकथा सांगतं.

अपोलोच्या युक्तिवादाबद्दल: अथेन्समध्ये बाप एक, आई वेगळी अशा भावाबहिणीचं लग्न चाले, आई एक असेल तर नाही. म्हणजे आईचं रक्त कायद्यालाही दिसत होतं. कवी हेसिओडच्या काव्यात तर देवराज झेउसने गिळलेली मेटिस ही अथेनाची आई आहे. प्रेक्षकांना ही कथा माहीत होती. साक्षीदारच लंगडा!

दीपमाळ
म्हणूनच नाटक निकालावर थांबत नाही. ओरेस्तेसवर आरोप करणाऱ्या सूडाच्या देवता एरिनीज हरल्यावर अथेनाला त्यांची कितीतरी वेळ मनधरणी करावी लागते, टेकडीखाली घर आणि पूजेचा मान द्यावा लागतो. निकाल पुरला असता तर याची गरजच काय होती?

निवडुंग
मनधरणी त्यांची झाली. क्लायटेम्नेस्ट्राची सावली मात्र या नाटकात एकदाच येते, झोपलेल्या एरिनीजना उठवते आणि जाते, खटल्यात तिला जागा नाही. पुढचा नाटककार युरिपिडीसने 'ओरेस्तेस'मध्ये (इ.स.पू. 408) हे पुन्हा उकरून काढलं. तिथे तिचा बाप टिंडारेओस नातवाबद्दल म्हणतो, याने खुनाचा दावा लावून आईला घराबाहेर काढायला हवं होतं. आणि तोच पुढे म्हणतो, माझी मुलगी मेली हे योग्यच झालं, फक्त ते याच्या हातून व्हायला नको होतं.