आप्पांच्या वर्षश्राद्धाला प्राणी दत्तक घ्यावा का?

शहापूरकर
पुढच्या महिन्यात आप्पांना जाऊन वर्ष होतंय. धाकट्याचं म्हणणं, जेवणावळ घालूया. मला वाटतंय, त्यातले निम्मे पैसे बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयाला देऊन एखादा मोर किंवा कोल्हा वर्षभरासाठी दत्तक घ्यावा. आप्पा दर सुट्टीला नातवाला तिथं न्यायचे आणि काळविटांच्या जाळीपाशी तासभर उभे राहायचे. दत्तक म्हणजे घरी आणायचं नसतं. खाण्यापिण्याचा वर्षाचा खर्च आपण भरायचा, देणगी म्हणून करसवलत मिळू शकते, नावाची पाटी लागते. कोरोनात गेट बंद पडून तिकिटाचे पैसे थांबले, तेव्हा 2021 मध्ये कर्नाटकभर लोकांनी असेच प्राणी दत्तक घेतले होते. वन्यजीव वाचवायला आपलाही हातभार लागेल. तुम्हाला काय वाटतं?

जांबोटी रोड
भावना चांगली आहे, पण याला वन्यजीव वाचवणं म्हणू नका. पिंजऱ्यातला कोल्हा तुमच्या पैशानं पोटभर जेवेल, रानातल्या कोल्ह्याला त्याचा काय उपयोग? आमच्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. 190 चौरस किलोमीटर, 2011 मध्ये जाहीर झालं. म्हादई नदी इथंच उगम पावते. बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ जगाला पहिल्यांदा इथं सापडलं आणि कितीतरी वर्षं हीच त्याची एकमेव माहीत जागा होती. त्याला कोण दत्तक घेणार? ते ना देखणं, ना त्याच्यासमोर पाटी लावता येते.

दांडेलीकडून हत्ती येतात ते ऐन सुगीत. परवाच्या सालात आमचं कापणीला आलेलं भात एका रात्रीत तुडवलं. सकाळी गेलो तर बांध फुटलेला, चिखलात परातीएवढी पावलं, त्यात पाणी साठलेलं आणि पाण्यावर लोंब्या तरंगत होत्या. आई बांधावर बसून त्या एकेक उचलत होती. भरपाईसाठी किती हेलपाटे घातले ते माझं मला ठाऊक. तरी आमच्या गावात कुणी हत्तीवर हात उचलला नाही. डबे बडवले, फटाके लावले, एवढंच. वन्यजीव वाचतात ते या माणसांच्या सोसण्यावर.

गुरांचा डॉक्टर
जांबोटीकरांचं दुःख खरं आहे. पण पिंजऱ्यातला जीवही जीवच ना? नोव्हेंबर 2025 मध्ये याच भुतरामहट्टीत काही दिवसांत 31 काळवीट घटसर्पानं गेले. आप्पा ज्या जाळीपाशी उभे राहायचे, तिथलेच. घटसर्प आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. गाईम्हशींना पावसाळ्याआधी लस टोचतो तो हाच रोग. जनावरावर ताण आला, हवा बदलली की जंतू उचल खातो आणि काही तासांत खेळ संपतो. काळविटाला म्हशीसारखं खोड्यात धरून टोचता येत नाही, नुसतं पकडलं तरी भेदरून दगावतं. म्हणून तिथं रोज नजर ठेवणारा माणूस लागतो, जवळ प्रयोगशाळा लागते, नवं जनावर वेगळं ठेवायला जागा लागते. पैसे जरूर द्या, पण देताना विचारा की चाऱ्याशिवाय औषधपाण्यावर किती जातात.

जांबोटी रोड
डॉक्टर, ते काम सरकारचं. एकतीस जनावरं गेल्यावर लोकांपुढं हात पसरायचा?

हिंडलगा
प्राणिसंग्रहालयाचा रानाला उपयोगच नाही, हे मात्र मला पटत नाही. हैदराबादला पिंजऱ्यात वाढवलेली पिसोरी हरणं तेलंगणातल्या अमराबादच्या जंगलात सोडली. गुरांना देत त्या डायक्लोफिनॅक औषधानं गिधाडं संपत आली, तेव्हा हरियाणात पिंजोरला 2001 मध्ये केंद्र काढून त्यांची पैदास केली.

जांबोटी रोड
ती कामं पैदाशीचीच होती. आपल्याकडं मोर दत्तक घेऊन रानात कुठला मोर वाढणार आहे?

टिळकवाडीच्या बाई
मी शाळेत शिकवत होते. ऑगस्ट 2022 मध्ये गोल्फ मैदानात बिबट्या शिरला आणि आसपासच्या शाळा कितीतरी दिवस बंद राहिल्या. त्या दिवसांत मोठी माणसं सरळ म्हणत होती, गोळी घाला. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, तो वाट चुकलाय." तिनं बिबट्या भुतरामहट्टीतच बघितला होता. रान आमच्या पोरांना कोण दाखवणार हो? सहलीची बस जाते ती तिथंच. जांबोटीकर, तुमच्या हत्तीबद्दल शहरात कुणाला तरी माया वाटायला हवी असेल तर ती अशीच कुठून तरी सुरू होते.

जांबोटी रोड
बाई, मुलीचं बोलणं काळजाला लागलं. पण माया वाटून आमचा बांध भरत नाही.

शहापूरकर
सगळं दोनदा वाचलं. काळवीट गेल्याचं मला माहीत होतं, तरी लिहिताना हात आखडला. आप्पा असते तर त्यांना जेवण गेलं नसतं.

प्राणी दत्तक घेणारच. आप्पांचा जीव त्या जागेत होता. पण त्याला वन्यजीव रक्षण म्हणणार नाही, जांबोटीकर, तुमचं ते मान्य. पाटीही नको म्हणून सांगतो, आणि डॉक्टरांनी सांगितलेला प्रश्न अर्जासोबत लेखी देतो. जेवणावळीचे उरलेले पैसे धाकट्याच्या हातात आहेत, त्याच्याशी आज रात्री बोलतो. तुमच्याकडं सुगीत राखणीला माळे घालतात ना? एका माळ्याला बॅटऱ्या, पत्रा, मजुरी धरून काय खर्च येतो, तेवढं कळवा.

जांबोटी रोड
कळवतो. पण पैसे पाठवायच्या आधी एक रात्र माळ्यावर येऊन बसा. धाकट्यालाही आणा.