'एन्कोमिएन्डा'ला मराठीत काय म्हणाल?

रात्रपाळी: एका लेखाचं भाषांतर करतेय. हिस्पानिओला बेट (आत्ताचे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक), तिथले टाइनो लोक आणि स्पॅनिश अंमलाची पहिली वर्षं. गव्हर्नर ओव्हांदोच्या काळात 'एन्कोमिएन्डा' सुरू झाली, मी 'जहागीर' लिहिलं तर नवरा म्हणतो चूक, इथे जमीन देतच नव्हते, अमुक कासीक (म्हणजे टाइनोंचा सरदार) आणि त्याची माणसं तुझ्याकडे, त्यांना खाणीत राबव आणि बदल्यात ख्रिस्ती धर्म शिकव, असा प्रकार. काय लिहू?

गडवाट: जहागिरीत तरी जमिनीची मालकी कुठे मिळायची, महसुलाचा हक्क मिळायचा. सांगा नवऱ्याला. पण इथे सरळ वेठबिगारी लिहा की.

शब्दवेडा: वेठ हे काम झालं हो, व्यवस्थेचं नाव नाही. मूळ क्रियापदाचा अर्थ सोपवणे, हवाली करणे. म्हणजे ज्याला माणसं मिळाली तो चक्क हवालदार! आपल्या गडावरचा हवालदार तोच की, ज्याच्या हवाली गड.

खडूफळा: आज हवालदार म्हटलं की चौकातला शिट्टीवाला दिसतो, आणि हवाला म्हटलं की काळा पैसा 😀

शुद्धमती: अरबी-फारसीशिवाय चालतच नाही का? 'प्रजान्यास' करा.

गडवाट: न्यास म्हणजे देवस्थानचा ट्रस्ट वाटतो. १५११ मध्ये माँतेसिनोस नावाच्या पाद्र्याने त्याच बेटावर भर चर्चमध्ये विचारलं होतं की ही माणसं नाहीत का, आणि आपण त्याला न्यास म्हणायचं?

रात्रपाळी: अजून एक अडलंय. त्याआधी, कोलंबसच्या वेळी, १४ वर्षांवरच्या प्रत्येकाने दर ३ महिन्यांनी एक 'हॉक्स बेल' भरून सोनं द्यायचं. मी 'घंटा' लिहिलं, संपादक म्हणाले एवढं सोनं राजाकडे तरी असेल का.

शब्दवेडा: घुंगरू! शिकारी ससाण्याच्या पायाला बांधतात ते. लहानपणी बैलाच्या माळेतलं सुटलेलं एक घुंगरू माझ्याकडे होतं, फटीतून ज्वारीचे दाणे कोंबत बसायचो, पाच-सहा गेले की बस. पण नदीतली वाळू गाळून तेवढं सोनं म्हणजे जीव जायचा. ज्याने भरलं त्याच्या गळ्यात बिल्ला, आणि जिथे सोनं नाही तिथे कापूस.

खडूफळा: टाइनोंवरून आठवलं, 'बटाटा' शब्द त्यांचाच ना?

शब्दवेडा: हो, पण त्यांचा बटाटा म्हणजे रताळं. पोर्तुगीजांबरोबर शब्द इकडे आला आणि भलत्याच कंदाला चिकटला.

खडूफळा: अरे देवा, माझी आजी उपासाला बटाटा खायची नाही, म्हणायची तो परका, रताळं आपलं.

शुद्धमती: रताळं म्हणजे रक्तालू. शुद्ध शब्द.

गडवाट: शब्द शुद्ध, कंद अमेरिकेचा.

रात्रपाळी: अहो, मला उद्या सकाळी द्यायचंय! घुंगरू फायनल केलं. एन्कोमिएन्डाचं काय??

खडूफळा: मग साबुदाणा?

शब्दवेडा: तो कसावा नावाच्या कंदाचा. कसावा पण टाइनोच 😀