पुराच्या खुणा विद्यापीठाने बडोदेकरांबरोबर बसून मोजाव्यात का?

सयाजीगंजकर
ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदी काळाघोडा पुलाशी ३५ फुटांच्या वर गेली. तो आकडा सगळ्या गावाला पाठ आहे. पण आपल्या गल्लीत पाणी नदीकडून आलं की नाल्यातून उलटं चढलं, आधी रस्त्यावर दिसलं की गटाराच्या झाकणातून, किती तास थांबलं, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. समा, अकोटा, परशुराम भठ्ठा, सगळीकडे माणसं भिंतीवर हात ठेवून ‘इथपर्यंत’ म्हणून दाखवतात. ती उंची कुठेही लिहिलेली नाही.

एमएस युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनिअरिंग आहे, जिऑलॉजी, जिओग्राफी आहे, सोशल वर्कची जुनी फॅकल्टी आहे. भूखी कांस हा नाला तर कॅम्पसमधूनच वाहतो. मुलांनी ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण) घेऊन यावं, रहिवाशांनी खूण दाखवावी, दोघांनी मिळून नोंदवही करावी. मात्र आधी लेखी करार हवा: काय शोधायचं ते दोघांनी ठरवायचं, निष्कर्ष पुढच्या पावसाळ्याआधी गुजराती-मराठीत गल्लीला द्यायचे, आणि वहीची एक प्रत तिथेच राहील. यूजीसीच्या समाजसहभागाच्या अभ्यासक्रमाला दोन क्रेडिट आहेत. ते अशा कामाला मिळाले तर मुलंही मनापासून येतील.

अर्धवेळ प्राध्यापिका
हेतू चांगला आहे, तरी माझा विरोध आहे. माझ्यासारखे अनेक जण अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर शिकवतात. ओळख होते, विश्वास बसतो, आणि तोवर मुदत संपते. विद्यार्थीही दोन वर्षांत पास होऊन जातात. मग गल्लीशी नातं कुणी टिकवायचं? कायमची जागा आणि ठरावीक निधी नसताना करार करणं म्हणजे लोकांना खोटी आशा लावणं. पाण्याचा निचरा हे कॉर्पोरेशनचं काम आहे, ते विद्यापीठाच्या गळ्यात घालू नये.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. काय शोधायचं ते रहिवासी ठरवणार असतील, तर उद्या नको असलेला निष्कर्ष दाबा असंही म्हणतील. एखाद्या सोसायटीच्या भरावामुळे शेजारच्या वस्तीत पाणी तुंबलं असं निघालं, तर ती सोसायटी सही करेल?

बाबाजीपुरा
सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून वाचनालयांची घडी बसवली, पेट्यांतून पुस्तकं खेड्यांपर्यंत पोचवली. ज्या शहरात हे झालं, तिथल्या विद्यापीठाला नदीकाठच्या वस्तीत जायला कसली अडचण?

समा रोड
बाबाजीपुरावाले काका, महाराजांबद्दल मलाही तुमच्याइतकाच आदर आहे. पण मूल शाळेत नाही पाठवलं तर आईबापांना दंड होता. लोकांचं भलंच झालं, तरी ती राजाज्ञा होती, भागीदारी नव्हे. इथे हुकूम सोडणारं कुणी नाही, त्यामुळे तो दाखला लागू पडत नाही.

भठ्ठ्याजवळची
आमच्याकडे एका कॉलेजची मुलं फॉर्म घेऊन आली होती. घरात माणसं किती, कमाई किती, संडास आहे का, सगळं विचारलं. चहा पिऊन गेली ती परत आली नाहीत. आम्ही काय सांगितलं आणि त्यांनी काय लिहिलं, आजवर कळलं नाही.

मोजायला कुणाची ना नाही. भीती वेगळीच आहे. ‘पूरग्रस्त पट्टा’ म्हणून नकाशा छापला की नदीकाठावरून आधी हटवतील ते आम्हाला. बंगलेवाल्यांचा फार तर भाव पडेल, आमचं घर जाईल. सयाजीगंजकर भाऊ, तुमच्या करारात याचं उत्तर कुठे आहे?

सयाजीगंजकर
ताई, हे कलम राहिलं होतं आणि ते पहिलं असायला हवं. खूण मोजायची, पण बाहेर द्यायची ती गल्लीची पातळी. घर क्रमांक आणि कुटुंबाचं नाव फक्त वहीत राहील, आणि वही कुणाला दाखवायची ते वस्ती ठरवेल.

मॅडम, तुमच्या दुसऱ्या आक्षेपावर माझं मत ठाम आहे. कशाची मोजणी करायची यात रहिवाशांचा शब्द, आलेल्या आकड्यात कुणाचाच नाही. भराव दोषी निघाला तर तसंच छापायचं, सोसायटीने सही करो वा न करो. नेमणुकांचं दुखणं खरं आहे. म्हणूनच करार कुणा प्राध्यापकाच्या नावाने नको, विभागाच्या नावाने हवा, आणि वस्तीतल्या दोन मुलामुलींना लेव्हल लावायला शिकवायला हवं. प्राध्यापक बदलले तरी पुढच्या पुराची खूण ती घेतील.

अर्धवेळ प्राध्यापिका
विभागाच्या नावाने करार झाला तरी जायचं माझ्यासारख्यालाच, तेही वेळापत्रकाबाहेर. हे तास कामाच्या भारात धरावेत, तसं लेखी असावं. ते नसेल तर मी विरोधातच आहे. वस्तीतल्या मुलांना शिकवण्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा, आणि त्यांना त्याचे पैसे मिळायला हवेत. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) २४० तासांत फुकट उरकू नका.

भठ्ठ्याजवळची
वही आमच्याकडे राहणार असेल तर मी चार घरांशी बोलते. पण करार आधी गुजरातीत वाचून दाखवायचा, सगळ्यांसमोर, आणि संध्याकाळी सातनंतर. दिवसा बायका कामावर असतात.