दुकानदार आणि तुम्ही, मध्ये काय होतं? (अनुभव धागा)

ओटा बदलायचा म्हणून स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या रिकाम्या केल्या, तर सगळ्यात खालच्या ट्रॉलीत अंथरलेल्या कागदाखाली एक यादी निघाली. अक्षर माझंच. तूरडाळ ५, तांदूळ १०, कणीक १०, गोडेतेल ५, कपड्यांचा साबण १२, साबुदाणा ३ किलो. आमच्याकडे कोणीही उपास करत नाही. यादीवर तारीख नाही, पण कोपऱ्यात "उद्या पाडवा, गाठी?" असं खरडलंय, म्हणजे २४ मार्च २०२०. रात्री आठला टीव्हीवर करोनामुळे २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि साडेआठला मी घरातल्या चपलांवरच दुकानापुढे रांगेत होते.

दुकानदाराने दारात लाकडी बाक आडवं टाकलेलं. त्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा. पैसे डब्यात टाकायचे, सुटे डब्यातूनच उचलायचे. पिशवी बाकाच्या टोकाला ठेवून तो दोन पावलं मागे सरायचा, मग आपण पुढे व्हायचं. ज्याच्या काउंटरवर कोपर टेकून वीस वर्षं गावगप्पा केल्या त्याच्याशी त्या रात्री फक्त आकड्यांत बोलले. गाठी राहिल्याच.

तर लिहा. सल्ले नकोत, काढ्याची कृती नको, कोणत्या सरकारचं काय चुकलं तेही नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. वाणसामान तुमच्या घरात कसं आलं आणि देणारा-घेणारा यांच्या मध्ये काय होतं, एवढंच. इथे कोणी दुकानदार असतील तर त्यांनी जरूर लिहावं, तुमची बाजू कोणी विचारलीच नाही.

डोंबिवली, तिसरा मजला

आमच्याकडे मध्ये तीन मजले होते! कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, तिला बाजाराची पिशवी, पिशवीत पैसे आणि चिठ्ठी. भाजीवाला खाली, आई गॅलरीत. पण भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय आई भेंडी घेत नाही. ती वरून ओरडायची, "टोक मोडून दाखव!" तो मोडायचा आणि मान वर करून विचारायचा, "काकू, आवाज आला का?"

पिशवी वर आली की खरा सोहळा. दुधाच्या पिशव्यांना साबण, कांदे-बटाटे सोड्याच्या पाण्यात. विषाणू प्लास्टिकवर ७२ तास राहतो असं कुठल्या तरी संशोधनाचं व्हॉट्सअॅपवर फिरत होतं, म्हणून बिस्किटांचे पुडे तीन दिवस गॅलरीत. एकदा मी कोथिंबीर भांड्यांच्या लिक्विडने धुतली. दोन पाण्यांतून काढली होती, तरी आमटीला फेस आला. बाबांनी मुकाट्याने जेवण संपवलं आणि म्हणाले, "आतूनही निर्जंतुक झालो."

धागाकर्ती

७२ तासांचं ते संशोधन खरंच होतं, मार्च २०२० मध्येच अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. प्लास्टिक-स्टीलवर तीन दिवसांपर्यंत, पुठ्ठ्यावर एक दिवस. पण ते प्रयोगशाळेतलं. वस्तूला हात लावून लागण होण्याचा धोका फार कमी आहे हे नीट कळेपर्यंत वर्ष गेलं, आणि तोवर आपल्या बिस्किटांनी भरपूर ऊन खाल्लं. फेसाळ आमटीला माझ्याकडून पहिला नंबर.

नाशिक, किराणा दुकान

दुकानदारांना बोलावलंत म्हणून लिहितो. हात मोबाईलवर लिहायला बसत नाही, चुका पदरात घ्या.

पहिल्या दिवशी चुन्याने गोल आखले. दुपारपर्यंत लोकांच्या पायांनी गेले. मग ऑइल पेंटने पिवळे गोल काढले, एकेक मीटरवर, आठ. लोक गोलात नीट उभे राहायचे, पण तोंडाने पुढच्याच्या मानेवर! "ओ, माझं आधी काढा" म्हणताना माणूस पाय गोलात ठेवून कमरेतून पुढे वाकतो, हे मी रोज बघितलं.

मुख्य बदल दुकानाच्या आत झाला. आमचं किराणा म्हणजे सुटं. पावशेर शेंगदाणे, दहा रुपयांचं जिरं. एका गिऱ्हाइकाला सुटं काढून द्यायला दहा मिनिटं, आणि बाहेर पोलिसाची शिट्टी. दोन पोरं कामाला होती, ती गावी गेली. मग मी, बायको आणि बारावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली मुलगी रात्री अकरापर्यंत साखर, डाळ, रवा एक-एक किलोच्या पिशव्यांत भरायचो. सुटं बंद केलं. त्यात मार कोणाला बसला? जो रोजच्या कमाईतून रोजची पावशेर डाळ नेतो त्याला. तो गोलात उभा राहून पुढे यायचा आणि किलोची पिशवी बघून परत फिरायचा. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं, तेव्हा पावकिलोच्याही पुड्या बांधल्या. चार दिवस उशीरच झाला.

याद्या व्हॉट्सअॅपवर यायच्या. फोटो तिरका, अक्षर डॉक्टरचं. "नेहमीची चटणी", "ते निळं पाकीट", "मागच्या वेळचा तांदूळ". नेहमीची चटणी मला पाठ, कारण मी माणूस ओळखतो. पण त्या महिन्यात नवीन गिऱ्हाइकं आली, एरवी मॉलमध्ये जाणारी. त्यांची यादी कंपनी, ग्रॅम सगळं टाकून एकदम स्वच्छ. मॉल उघडल्यावर ती गेली. दोन राहिली.

भाव वाढवले असा आरोप सगळ्यांवर झाला. होलसेलमध्ये हमाल नव्हते, गाडीवाला दुप्पट मागायचा. तरी खरं सांगतो, जुन्या भावाने भरलेलं तेल मीही काही दिवस पाच रुपये चढं विकलं. बायकोने टोकलं तेव्हा थांबलो.

आमचं दुकान मुंबई-आग्रा महामार्गापासून जवळ. मे महिन्यात मुंबईकडून माणसं चालत येत होती, डोक्यावर बोजा, कडेवर पोर. त्यांच्याकडे यादी नव्हती. पारले-जी आणि पाणी. गोलात मात्र तीच माणसं सगळ्यात नीट उभी राहायची, सांगावं लागायचं नाही. मला त्याचंच वाईट वाटायचं.

आणि २०२१चं कोणी बोलत नाही. दुसऱ्या लाटेत, एप्रिलच्या २० तारखेपासून किराणा सकाळी ७ ते ११. दिवसभराचं गिऱ्हाईक चार तासांत कोंबलं तर अंतर कुठून राहणार? पावणेअकराला माझे आठ गोल आणि तीस माणसं.

वाशी, भाजी मार्केट

मी गाळ्यावर हिशेब लिहितो. लोकांना घरात बसायला सांगितलं तेव्हा आम्ही रात्री बाराला कामावर निघत होतो, कारण मुंबईची भाजी तिथून जाते. गाडी लागली की अंगावर अंग. पाठीवर साठ किलोचं पोतं असताना माथाडी मीटरभर अंतर कसं ठेवेल? बाजारात रुग्ण निघत गेले, मे २०२० मध्ये ११ ते १७ तारखेपर्यंत इथल्या बाजार समितीचे पाचही बाजार बंद ठेवले.

मध्ये काय होतं म्हणता, तर आमच्या सोसायटीचं गेट होतं. पहाटे मी परतायचो तेव्हा वॉचमन फवारणीचा पंप घेऊन उभा. बुटांवर, पिशवीवर, एकदा डोक्यावर. लिफ्ट वापरायची नाही असा कमिटीचा ठराव. आणि सकाळी नऊला त्याच कमिटीतल्या एकाचा फोन, "गाळ्यावरून टोमॅटो आणता का हो, दहा किलो? सगळे वाटून घेऊ." आणले. पाच मजले जिन्याने चढवले, सगळ्यांच्या दारात ठेवले. पैसे ऑनलाइन आले, लिफ्ट तेवढी जूनपर्यंत मिळाली नाही.

फोंडा, गोवा

तुम्हाला निदान दुकान तरी होतं. आमच्याकडे जनता कर्फ्यू २२ मार्चला सुरू झाला तो लांबतच गेला, आणि किराणासुद्धा बंद. सामान घरपोच येणार म्हणे. कोणाच्या घरी आलं देव जाणे. दोन-तीन दिवसांनी ओरड झाली तेव्हा दुकानं उघडली. भाजी आणि बरंचसं दूध घाटावरून, बेळगावहून येणार, आणि नाक्यांवर गाड्या अडलेल्या. मासळी तर नाहीच. आम्ही फणसाची भाजी, नीरफणसाची कापं आणि डब्यातलं सुकं खाऊन काढलं. शेजारीण कुंपणापलीकडून अळसांदे ठेवायची, मी त्याच जागी चार नारळ. पैशांचा संबंधच नव्हता, त्यामुळे श्रीखंडाचा डबाही लागला नाही.

सिंगापूर

इथे गर्दीच्या चार बाजारांसाठी एप्रिल २०२० मध्ये नियम आला. ओळखपत्राचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेलाच आत. आम्ही चोंग पँग बाजाराजवळ राहतो. नवरा सम, मी विषम. मासळीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. सम तारखेला त्याने "ताजी पापलेटं" म्हणून जे आणलं ते काय होतं हे आजतागायत कळलेलं नाही. पुढे आम्ही फक्त विषम तारखेला मासे खाल्ले.

लेस्टर, इंग्लंड

दोन मीटर अंतर, सुपरमार्केटच्या जमिनीवर बाण, पहिला तास वयस्कर लोकांचा आणि आरोग्यसेवेतल्यांचा. इथले लोक टॉयलेट पेपरसाठी धावले, आपले लोक आट्यासाठी. बेलग्रेव्ह रोडवर भारतीय दुकानापुढे रांग, एका कुटुंबाला एकच पोतं. जूनअखेरीस बाकी देश मोकळा होत असताना आमचं एकट्याचं शहर पुन्हा बंद केलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या गुजराती बेनने त्या रांगेत मला खाखऱ्याची अख्खी कृती दोन मीटरवरून सांगितली. अख्ख्या रस्त्याने ऐकली.

लातूर जिल्हा

सगळे गमतीचं लिहितायत, मी जरा वेगळं लिहितो. नको असेल तर पुढे जा.

टाळेबंदीत शाळा बंद म्हणून मी गावी होतो. आमच्या गावातल्या दुकानदाराने दारात बांबू बांधला होता. सामान वरून पिशवीत सोडायचा, नाणी पाण्याच्या वाटीत टाकायला सांगायचा. त्याचं काही चुकत होतं असं नाही, सगळ्यांना तोच नियम. मी आजीला घेऊन रेशनचे तांदूळ आणायला निघालो होतो, माणशी पाच किलो फुकटचे. वाटेत मिठाचा पुडा घ्यायला थांबलो. आजी बांबूपासून चांगली दहा हात लांबच थांबली. मी म्हटलं, एवढं लांब नको, खूण इथे आहे. ती म्हणाली, "मला ठावं हाय कुठं उभं ऱ्हायचं."

तिच्या लहानपणी याच पेठेत तिच्या पदरात मीठ वरून टाकायचे. पैसे ओट्यावर ठेवायचे, दुकानदार आधी त्यावर पाणी शिंपडणार, मग उचलणार. ती त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही, दुकान दोनदा नवीन बांधलं तरी. घरी आल्यावर आईला म्हणाली, "आता समद्यांनाच केलंय. बघू किती दिस सोसतंय."

त्या दिवसांत आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, सोशल डिस्टन्सिंग म्हणू नका, शारीरिक अंतर म्हणा, जागतिक आरोग्य संघटनाही आता तसंच म्हणते. उत्तर आलं, "सर, शब्दांत काय ठेवलंय." मी आजीचं तिथे लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

डोंबिवली, तिसरा मजला

वाचलं, सर. आईलाही वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, मोबाईल मागून घेतला आणि पुन्हा स्वतः वाचलं.

धागाकर्ती

लिहिल्याबद्दल आभार मानणंही विचित्र वाटतंय, म्हणून मानत नाही. माझ्या यादीत मी "मीठ २" लिहिलंय, ते आता बघतेय.

पुणे, सिंहगड रस्ता

माझं छोटंसं. जुलै २०२० मध्ये पुण्यात पुन्हा दहा दिवस बंद झालं, पहिले पाच दिवस किराणाही नाही, फक्त दूध आणि औषधं. आदल्या दिवशी मी इमारतीतल्या सहा आजी-आजोबांच्या याद्या घेऊन रांगेत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचे तीन तासांत नऊ फोन. रवा बारीक पण फार बारीक नको. मोहरी बारीकच. हिंग खड्याचा नसेल तर राहू दे. दहावा फोन: "घरात सगळं आहे रे, तू ये परत, पाऊस येतोय." पाऊस नव्हता.

नाशिक, किराणा दुकान

ताई, तुमच्या साबुदाण्याचं सांगायचं राहिलं. त्या रात्री तूरडाळ, कणीक आणि तेल पहिल्या तासात उडालं. मागची माणसं फळीवर जे दिसेल त्याकडे बोट दाखवायची, रिकाम्या हाताने घरी जायची कोणाची तयारी नव्हती. चैत्रात साबुदाण्याला कोण विचारतं, तो तेवढा शिल्लक होता. म्हणजे यादी तुम्ही घरून आणली नव्हती, दुकानापुढेच पुढच्यांकडे बघून लिहिली असणार. शेवटची ओळ जरा वाकडी, उभ्याने लिहिल्यासारखी आहे का, बघा बरं.