चौपदरी महामार्गावर मोटारीला १००, दुचाकीला ८०: नियम बरोबर आहे का, आणि स्पीडगन कुठे लावली पाहिजे?

घाटमाथा

आमच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपमधल्या एकाला परवा पुणे-सातारा रस्त्यावर वेगाचं चलन आलं. मोजलेला वेग ९१. चलन तो भरणार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. बोलायचंय ते नियमाबद्दल आणि तो राबवण्याच्या पद्धतीबद्दल.

एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींना १००, दुचाकीला ८०. मालवाहू वाहनांनाही ८०च. म्हणजे कायद्याने आपण ट्रकच्या जोडीला. आता रस्त्यावर काय होतं ते बघा. डाव्या लेनमध्ये पुढे ट्रक, मागे ट्रक, उजवीकडून शंभर-सव्वाशेने सुसाट जाणाऱ्या गाड्या. ८० ने चाललेल्या ट्रकला ८० नेच ओलांडता येत नाही. तेवढ्यापुरतं तरी ९०-९५ करावंच लागतं, नाहीतर त्याच्या मागच्या चाकांशेजारी रेंगाळत बसायचं. तिथे रेंगाळणं किती धोक्याचं आहे हे ज्याने हायवेवर बाइक चालवली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

शिवाय ही मर्यादा १०० सीसीला आणि ६५० सीसीला एकच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. ब्रेक सुधारले, आकडा आहे तिथेच.

पण माझा खरा राग स्पीडगनच्या जागेवर आहे. उड्डाणपूल उतरला, रस्ता सरळ आणि रुंद झाला, की खांबाआड इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांची स्पीडगनवाली गाडी, उभी. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे एस वळण लागतं, जिथे इतकी माणसं गेली, तिथे वर्दी क्वचित दिसते. वेगमर्यादा माझ्या जिवासाठी असेल तर पोलीस मला आधी दिसला पाहिजे. लपून काढलेला फोटो महिन्याने मोबाइलवर येतो, त्या दिवशीचा वेग त्याने कमी होत नाही.

सातारकर_३५०

शंभर टक्के सहमत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-अ वाचा, २०२१ मध्ये आलाय. कॅमेऱ्याआधी ठळक सूचना फलक हवा, यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं हवं, गुन्ह्यानंतर १५ दिवसांत नोटीस हवी. मला आलेल्या चलनावर गाडीच दुसऱ्याची होती, नंबरातला ८ हा ३ वाचलेला. ऑनलाइन तक्रार टाकली. तिचं उत्तर यायच्या आधीच नाकाबंदीत तेच थकीत चलन दाखवून मला अडवलं आणि ‘आधी भरा, मग बोला’ म्हणाले.

आणि कात्रज-देहूरोड बाह्यवळणाचं काय? महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर दुचाकीला ६०, चौपदरी रस्त्यावर ८०. हा रस्ता दोन्हींत बसतो. पाटी नसेल तिथे माणसाने कुठला आकडा धरायचा?

मृदुला_वारजे

दादा, तुमच्या लिहिण्यात दुचाकीवाला म्हणजे फक्त हायवेला बाइक काढणारा. मी रोज वारज्याहून नऱ्ह्याला त्याच बाह्यवळणाने स्कूटरवर जाते. पन्नासच्या आत. आरशात एक दिवा लांब दिसतो आणि मी पुढे बघेपर्यंत तो माझ्या हँडलला चाटून गेलेला असतो. त्या झोताने स्कूटर हलते, डिकीतल्या डब्याचा आवाज येतो. तुम्ही तुमचा वेग मोटारीच्या वेगाशी ताडून बघताय. एकदा माझ्याशी ताडून बघा.

त्याच रस्त्यावरच्या नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका अवजड वाहनाने ४८ गाड्यांचा चुराडा केला. तेव्हापासून तो उतार उतरताना माझ्या पोटात गोळा येतो. तिथे मर्यादा खाली आणली याचा मला आनंदच आहे. पोलीस दिसो की न दिसो.

घाटमाथा

मृदुलाताई, तुम्ही म्हणताय तो कट मारणारा माणूस आहे. त्याच्यासाठी धोकादायक चालवण्याचं १८४ कलम आहे. त्याला पकडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. वेगाच्या आकड्याने तो सापडत नाही.

मृदुला_वारजे

सापडतो. वेग मोजायला यंत्र आहे, कट मोजायला नाही.

पोलीसलाइन

माझे बाबा महामार्ग पोलिसात होते, म्हणून दोन गोष्टी सांगते. वळणावर स्पीडगन लावत नाहीत त्याला कारण आहे. यंत्राला समोर सरळ, लांब नजर लागते. आणि गाडी बाजूला घ्यायची तर कडेला रुंद जागा लागते. एस वळणावर एखाद्याला हात केला तर तो ब्रेक मारणार आणि मागचा ट्रक त्याच्यावर आणि हवालदारावर येणार. असं थांबवताना जखमी झालेले लोक आमच्या लाइनीत राहायचे.

राहिलं लपण्याचं. उघड्यावर उभं राहिलं की समोरून येणारे हेडलाइट मारून पुढच्यांना खबर देतात. दोन किलोमीटर सगळे शहाण्यासारखे, पुढे पुन्हा तेच. म्हणून आडोसा.

तरी घाटमाथा यांच्या एका गोष्टीत तथ्य आहे. वरून विचारणा होते ती चलनं किती केली याची. त्या पट्ट्यातले अपघात किती कमी झाले हे त्या हवालदाराला कुणी विचारत नाही. बाबांना याचं फार वाईट वाटायचं. जे मोजलं जातं तेच काम होतं.

गुरुजी_खंडाळा

मी खंबाटकीच्या पायथ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आपण ज्याला ‘सरळ, रुंद’ म्हणता तो रस्ता आमच्या पोरांच्या वाटेत आडवा आहे. भुयारी मार्ग लांब, पावसाळ्यात त्यात पोटरीभर पाणी. मग दुभाजक जिथे तुटलाय तिथून माणसं ओलांडतात. बाया डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन दुभाजकावर उभ्या राहतात. भाऱ्यामुळे मान वळत नाही, म्हणून सगळं अंगच वळवून बघतात आणि मग पाऊल टाकतात.

ओलांडणारा माणूस वाहनाच्या आकारावरून अंतर ठरवतो. ट्रक मोठा दिसतो, म्हणून माणूस थांबतो. दुचाकी बारीक दिसते, लांब वाटते, म्हणून निघतो. दुचाकीला २० ने कमी का, याचं माझ्यापुरतं हे उत्तर आहे.

आता एबीएस. ८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर, १०० म्हणजे २८. दचकून ब्रेकवर बोटं जायला एक सेकंद धरा. कोरडा रस्ता, चांगला ब्रेक. ८० वाली साधारण ६० ते ६५ मीटरवर थांबते. त्याच जागी १०० वाली अजून ६५ च्या वर वेगात असते. माझी नववीची पोरं हे गणित करतात. एबीएसने चाक लॉक होत नाही, गाडी हातात राहते. पण वेगाच्या वर्गाने वाढणारं अंतर ते पुसून टाकत नाही.

२०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. त्यांना कुठली लेन?

घाटमाथा

गुरुजी, गणित मान्य. तुमच्या शाळेसमोर ४० करा, मी ४० ने जाईन. पण त्याच सरकारी अहवालात २०२२ च्या मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर टाकलेत, त्यावर माझा विश्वास बसत नाही. फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात’ हे शब्द ठरलेले असतात. खड्डा होता, डिव्हायडरला रिफ्लेक्टर नव्हता, राँग साइडने ट्रॅक्टर आला, यातलं काही त्या रकान्यात उतरत नाही. एकदा कारण ‘वेग’ लिहिलं की रस्ता बांधणारा सुटला. पहिल्या वेळचा दंड २०१९ आधी ४०० पर्यंत होता, आता कायद्यात हलक्या वाहनाला १००० ते २००० आहे. ठेकेदाराचा दंड कुणी कधी मोबाइलवर बघितलाय?

गुरुजी_खंडाळा

ठेकेदाराला सोडू नका, मीही सोडणार नाही. पण रस्ता वाईट आहे हे माहीत असताना वेग वाढवून मागणं मला समजत नाही.

सातारकर_३५०

दंडाने फरक पडत नाही हेही लिहून ठेवा. निम्मी मंडळी लोकअदालतीची वाट बघत बसतात, तिथे तडजोडीत रक्कम खाली येते. आज चूक, वर्षभराने सवलतीत दंड. यातून कोण काय शिकणार?

नेकारकाठ

श्टुटगार्टहून लिहितोय, इथे मोटारसायकल चालवतो. ऑटोबानचं नाव कुणीतरी काढेलच म्हणून आधीच सांगतो: तिथे काही पट्ट्यांत मर्यादा नाही, पण गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की ५०. वेगळा आकडा लिहायची गरजच नाही. गाव संपलं की त्याच नावावर तिरकी लाल रेघ. मर्यादा कुठे सुरू आणि कुठे संपली यात शंका उरत नाही. आणि दंडापेक्षा लोक चुकीबद्दल परवान्यावर चढणाऱ्या गुणांना घाबरतात: ८ गुण झाले की परवाना गेला. पैसेवालाही त्यातून सुटत नाही.

पोलीसलाइन

आपल्याकडे दोन ठिकाणी नंबर टिपून मधला सरासरी वेग काढता येतो. बोगद्याच्या तोंडाशी एक आणि एस वळणाच्या पुढे एक कॅमेरा लावला तर कुणाला वळणावर हात करून थांबवायला नको, आडोसाही नको. आधी मोठा फलक लावा, लपवायचं काहीच नाही.

घाटमाथा

हे मला पटतं. आपण मिळून महामार्ग प्राधिकरणाला आणि महामार्ग पोलिसांना अर्ज देऊ. प्रत्येक गावाआधी आणि गावानंतर मर्यादेची पाटी, खंबाटकीत सरासरी वेगाचे कॅमेरे, गुरुजींच्या भुयारी मार्गातल्या पाण्याचा निचरा, आणि उघड्या चौपदरीवर एबीएस असलेल्या दुचाकीला मोटारीइतकीच मर्यादा. मसुदा मी लिहितो.

गुरुजी_खंडाळा

पहिल्या तीन मागण्यांवर सही करतो, गावातल्याही मिळवून देतो. चौथीवर नाही.

घाटमाथा

गुरुजी, ट्रकच्या चाकाशेजारून सुटायला मला ते २० हवेत. ती मागणी मी काढणार नाही.

मृदुला_वारजे

मग दोन अर्ज करा. १०० ची मागणी असलेल्या कागदावर माझं नाव घालू नका.